आमचे मोजमाप कोणी करावे?

स्मरणिकेच्या पानांना एक ठरलेला क्रम असतो. प्रथम मान्यवरांचे शुभेच्छा संदेश, मग संस्थेची वाटचाल, देणगीदारांची नामावली, आणि त्यानंतर ज्यांचा संस्थेला अभिमान वाटतो अशा माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे. कोणी डॉक्टर, कोणी अभियंता, कोणी प्राध्यापक, कोणी महसूल खात्यात अधिकारी. या अंकातही ती पाने आहेत आणि ती असायलाच हवीत. ज्यांच्या घरात पहिल्यांदा पुस्तक आले ते या शाळेमुळे, त्या घरातील मुलगा वा मुलगी आज कोठे पोहोचली हे सांगताना कोणाचीही मान ताठ व्हावी. आम्ही स्वतः त्या पानांवर आहोत, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

तथापि या अंकासाठी जुनी छायाचित्रे गोळा करताना एक गोष्ट आमच्या नजरेत आली आणि मग ती मनातून जाईना. आमच्या तुकडीचे पाचवीतील एक छायाचित्र मिळाले आणि दहावीच्या निरोप समारंभाचे दुसरे. दोन्ही शेजारी ठेवली. पहिल्यातील कितीतरी चेहरे दुसऱ्यात नाहीत. त्यांतील एक जण दोन वर्षे आमच्या बाकावर बसत असे. गणितात तो आम्हा सर्वांच्या पुढे होता. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीला घरी गेला, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला आणि परत आला नाही. त्याचे नाव काही दिवस हजेरीपटावर राहिले, पुढे त्यावर लाल शाईची रेघ आली. आम्ही त्याला पत्र लिहिले नाही. कोणी लिहायला सांगितलेही नाही. आज तो कोठे आहे, हे आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नाही.

आमची शाळा यशस्वी आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्या बोलण्यात तो असतो की नसतो? या प्रश्नाचे उत्तर भाषणाने देता येत नाही. ते शोधून काढावे लागते, आणि शोधून काढणे हा ज्यांचा व्यवसाय आहे अशी माणसे असतात. त्यांना शैक्षणिक संशोधक म्हणतात. एखाद्या शाळेचा वा योजनेचा खरोखर काय परिणाम झाला हे तपासण्याचे काम ते करतात, तेव्हा त्यांना मूल्यमापक म्हणतात. संस्थेच्या पुढील वाटचालीत असे मूल्यमापन करून घ्यावे की नाही, आणि घ्यायचे तर ते करणाऱ्या माणसाची पूर्वपीठिका कशी असावी, यावर आमचे मत मांडण्यासाठी हा लेख आहे.

असे मूल्यमापन आम्ही विद्यार्थी असताना दोनदा पाहिले. पहिल्या वेळी एका मदत करणाऱ्या संस्थेकडून दोन तरुण मोटारीने आले. आदल्या दिवशी आम्ही शाळेचे मैदान झाडले होते, चादरी धुतल्या होत्या, आणि काय विचारले तर काय सांगायचे हेही आम्हांला समजावून सांगितले होते. पाहुण्यांच्या हाती छापील तक्ते होते. खाटा किती, शौचालये किती, पुस्तके किती. मग त्यांनी आम्हांला विचारले, ‘जेवण चांगले मिळते का?’ आम्ही एका सुरात ‘हो सर’ म्हणालो. दुपारचे जेवण आटोपून ते गेले. पुढे अहवाल आला आणि त्यात सर्व काही समाधानकारक असल्याचे लिहिले होते, असे ऐकले. त्या रात्री आम्ही हसलो होतो. आज ते हसू आठवले की संकोच वाटतो, कारण फसवणूक त्या दोघांची झाली नव्हती, ती आमचीच झाली होती. त्या आठवड्यात वसतिगृहात खरुज पसरली होती आणि ती कोणत्याही तक्त्यात आली नाही.

दुसऱ्या वेळी आल्या त्या एक बाई होत्या. अनेक वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून, मग पुढे शिकून त्या या कामात आल्या होत्या. त्या मुक्कामाला राहिल्या. पहाटे हौदाकाठी मुलींच्या रांगेत उभ्या राहिल्या, आमच्या पंगतीत बसून जेवल्या, स्वयंपाकघरातील मावशींशी धान्य कधी येते आणि कधी संपते याविषयी बोलल्या. पाचवीच्या मुलांना त्यांनी एकेकट्याने जवळ बसवून एक लहानशी गोष्ट वाचायला दिली, आणि ज्याला वाचता आली नाही त्याला नुसते शब्द, तेही न जमले तर अक्षरे. शेवटी त्यांनी मुख्याध्यापकांकडे जनरल रजिस्टर मागितले. त्यातील एका वर्षी दाखल झालेल्या मुलांची नावे त्यांनी वहीत उतरवून घेतली, पुढील प्रत्येक इयत्तेच्या हजेरीपटाशी ताडून पाहिली, आणि मग अगदी शांतपणे विचारले, ‘सर, ही मुले कुठे गेली?’

सर काही बोलले नाहीत. आम्ही दाराबाहेर पाण्याची कळशी घेऊन उभे होतो, म्हणून ती शांतता आम्हांला ठाऊक आहे. बाईंचा अहवाल संस्थेच्या बैठकीत वाचला गेला तेव्हा कोणी रागावले, कोणी दुखावले गेले. परंतु पुढच्या वर्षीपासून दोन गोष्टी झाल्या. दिवाळीनंतर जो आला नाही त्याच्या घरी एक शिक्षक जाऊ लागला, आणि पाचवीला येणाऱ्या ज्या मुलांना वाचता येत नव्हते त्यांचा संध्याकाळी वेगळा वर्ग सुरू झाला. खाली झोपणाऱ्या मुलांना खाटा मिळाल्या त्या पहिल्या अहवालामुळे. दुसऱ्या अहवालामुळे आमच्यामागून आलेली काही मुले टिकली. दोन्ही अहवाल लिहिणारे सुशिक्षित होते. फरक पदवीचा नव्हता. तो त्यांच्या आयुष्याच्या पूर्वपीठिकेचा होता.

या व्यवसायाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. आधुनिक शैक्षणिक मूल्यमापनाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते राल्फ टायलर, विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेले अमेरिकन. त्यांनी आरंभी एका लहानशा गावच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, मग १९२७ मध्ये शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. १९३३ ते १९४१ या काळात तेथे ‘आठ वर्षांचा अभ्यास’ म्हणून प्रसिद्ध असलेला प्रयोग झाला. तीस शाळांना महाविद्यालयीन प्रवेशाच्या ठरीव अटींतून मोकळीक देण्यात आली आणि त्यांनी आपला अभ्यासक्रम स्वतः आखला. अशा शाळांतील मुले पुढे मागे पडतील ही भीती होती. टायलर यांच्याकडे या प्रयोगाच्या मूल्यमापनाचे काम आले. त्यांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे शिक्षकांना विचारणे की, तुम्हांला मुलांमध्ये नेमका कोणता बदल घडवायचा आहे? मग तो बदल ज्या ज्या प्रसंगी दिसू शकेल तेथे तो पाहायचा, केवळ लेखी परीक्षेत नव्हे. या शाळांतून महाविद्यालयात गेलेल्या १४७५ विद्यार्थ्यांची सारख्याच पात्रतेच्या आणि परिस्थितीच्या दुसऱ्या १४७५ विद्यार्थ्यांशी एकास एक अशी तुलना करण्यात आली, आणि नव्या वाटेने गेलेली मुले मागे पडली नाहीत असे आढळले. ज्याने स्वतः वर्गात खडू धरला आहे, तोच शिक्षकाला ‘तुम्हांला काय साधायचे आहे’ हा प्रश्न विचारायला विसरत नाही.

१९६५ मध्ये अमेरिकेत गरीब मुलांच्या शिक्षणासाठी मोठा कायदा झाला आणि त्यात दिलेल्या पैशाचा उपयोग झाला की नाही हे दाखवण्याची अट आली. तेव्हापासून मूल्यमापन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून वाढला. त्यात मानसशास्त्रज्ञ आले, अर्थशास्त्रज्ञ आले, समाजशास्त्रज्ञ आले, मायकेल स्क्रिव्हन यांच्यासारखे तत्त्वज्ञही आले. काम चालू असताना ते सुधारण्यासाठी केलेली तपासणी वेगळी आणि काम संपल्यावर त्याची किंमत ठरवण्यासाठी केलेली तपासणी वेगळी, हा भेद स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला. पुढे रॉबर्ट स्टेक यांनी तो स्वयंपाकाच्या दृष्टान्ताने सोपा केला. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही तो लगेच पटेल. मावशी आमटी उकळत असताना पळीभर चाखून मीठ घालतात ती पहिली तपासणी. पंगतीला बसलेल्याने तोंड वाकडे करणे ही दुसरी. पहिली वेळेवर झाली तर दुसरीची वेळ येत नाही.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. स्वातंत्र्यानंतर ग्रामविकासाच्या योजना तपासण्यासाठी नियोजन आयोगाने १९५२ मध्ये स्वतंत्र मूल्यमापन संघटना उभारली. त्याच्याही फार आधी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले ते आम्ही शिक्षणव्यवस्थेचे मूल्यमापन म्हणूनच वाचतो. सरकारी महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा हिशेब होता. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना दरमहा किमान बारा रुपये वेतन मिळावे, इतक्या बारकाव्याने त्यांनी सूचना केल्या. हा बारकावा कोठून आला? १८४८ पासून त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या. मुले का येत नाहीत आणि आली तर का टिकत नाहीत, हे त्यांना अहवालातून कळले नव्हते.

दुसरे उदाहरण बाबासाहेबांचे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचाच अहवाल पुढे ठेवला. प्राथमिक शाळेत पाऊल टाकणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी दाखवून दिले. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूवरील करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी त्याच भाषणात मांडले. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

या भाषणामागील पूर्वपीठिका पाहावी. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास, सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापन, प्रांतिक वित्तव्यवस्थेवर लिहिलेला आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ. अंदाजपत्रक कसे वाचावे हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. आणि शाळेत वेगळ्या तरटावर बसण्याचा अनुभवही त्यांच्याजवळ होता. यातील एक बाजू वजा केली तर ते भाषण उभे राहत नाही. नुसता अर्थशास्त्रज्ञ अठरा हा आकडा पाहून पुढच्या पानाकडे वळला असता. नुसता दुःख भोगलेला माणूस दुःख सांगून थांबला असता. बाबासाहेबांनी ब्याऐंशीकडे बोट दाखवले. आमच्या दोन छायाचित्रांतील फरकाकडे कसे पाहावे, हे आम्ही त्या भाषणातून शिकतो. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, हार्टोग समितीनेही हीच गळती आणि एकाच इयत्तेत मुलांचे अडकून राहणे या दोन दोषांवर बोट ठेवले.

स्वातंत्र्योत्तर काळात हा वारसा ज्यांनी पुढे नेला त्यांत जे. पी. नाईक यांचे नाव मराठी माणसाने विसरू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे हे गृहस्थ. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला, ग्रामीण भागात काम केले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभाग घेतला. १९४८ मध्ये त्यांनी भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली, जी पुढे मुंबईहून पुण्याला आली. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्हींचा मेळ भारतीय शिक्षणाला का साधत नाही, यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते. देशाच्या शिक्षणाचा हिशेब मांडणारा हा माणूस खेड्याच्या वाटेने दिल्लीला गेला होता, आणि त्या क्रमाला आम्ही महत्त्व देतो.

तेव्हा मूल्यमापकाच्या पूर्वपीठिकेत आम्ही काय पाहावे? पहिली अट, त्याने वा तिने कधीतरी मुलांना शिकवलेले असावे. दुसरी, मोजण्याचे शास्त्र पक्के असावे. कोणाला मोजायचे, कोणाशी तुलना करायची आणि किती जणांकडे पाहिल्यावर निष्कर्ष काढता येतो, हे कळल्याशिवाय सद्भावना कामाची नाही. २००५ पासून आपल्या देशात ‘असर’ नावाची जी पाहणी होते तिचे उदाहरण घ्यावे. ती मुलांची परीक्षा शाळेत घेत नाही, त्यांच्या घरी जाऊन घेते. कारण साधे आहे. शाळेत पाहणी केली तर त्या दिवशी गैरहजर असलेले मूल आणि शाळेत कधीच न गेलेले मूल, ही दोन्ही हिशेबातून सुटतात. आमच्या बाकावरचा मित्र शाळेतल्या कोणत्याही पाहणीत सापडला नसता.

तिसरी अट भाषेची. मुले ज्या बोलीत भांडतात ती बोली मूल्यमापकाला कळली पाहिजे. इंग्रजीत तयार झालेली प्रश्नावली दुभाषामार्फत विचारली तर उत्तरे सभ्य येतात आणि माहिती येत नाही. चौथी अट सर्वांत अवघड आहे. प्रतिकूल निष्कर्ष लिहिण्याची आणि सही करण्याची हिंमत त्याच्याजवळ असावी. या शतकाच्या आरंभी मुंबई आणि बडोदा येथील शाळांत ‘बालसखी’ हा कार्यक्रम चालला. वस्तीतीलच तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवीत. अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे काटेकोर मूल्यमापन केले आणि ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची प्रगती झाली, विशेषतः जी सर्वांत मागे होती त्यांची, असे त्यांना आढळले. आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात हा लाभ बराच ओसरला, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहिले. दुसरे वाक्य लिहिले म्हणूनच पहिल्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आमच्याच मंडळातील काही ज्येष्ठांना हा विचार मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, बाहेरचा माणूस आमच्या अडचणी जाणत नाही. महिनोन्‌महिने अनुदान अडलेले असताना उधारीवर धान्य आणून मुलांना जेवू घालणारे संचालक त्याच्या तक्त्यात दिसत नाहीत. शिवाय गळतीचा आकडा एकदा कागदावर आला की तो आमच्याविरुद्ध वापरला जाईल. ज्यांना अशा शाळा बंद झालेल्याच हव्या आहेत त्यांच्या हाती आपण शस्त्र का द्यावे?

ही भीती निराधार नाही. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने काही दशकांपूर्वीच इशारा दिला होता की, एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा भ्रष्ट होण्याचा मोह वाढेल आणि ज्या कामाचे तो माप आहे ते कामही बिघडेल. शंभर टक्के निकालाच्या हट्टापायी कच्च्या मुलांना नववीतच थोपवून धरणाऱ्या शाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. निकाल शंभर टक्के लागतो आणि मूल घरी जाते. म्हणून आमचे म्हणणे असे की, आमच्या शाळेचे मूल्यमापन एका आकड्यावर होऊ नये, आणि ते प्रथम आमच्यासाठी व्हावे, अनुदान देणाऱ्यासाठी नंतर. आमटी शिजत असतानाची चव आपणच घ्यायला शिकलो, तर पंगतीची भीती उरणार नाही.

मात्र मूल्यमापक आपल्याच समाजाचा हवा, हा आग्रह आम्हांला पटत नाही. तो केवळ बाहेरचा असावा हेही पटत नाही. आतल्या माणसाला कोणता प्रश्न कोठे दुखतो हे ठाऊक असते, परंतु काही प्रश्न विचारायचे आपण सर्वांनीच सोडून दिलेले असतात आणि ते आतल्याला सुचत नाहीत. मुलींच्या वसतिगृहातून आठवी-नववीत नावे का कमी होतात, हा असा एक प्रश्न आहे. ‘घरच्यांनी लग्न ठरवले’ एवढे उत्तर आपल्याला इतकी वर्षे पुरत आले. सुट्टीआधी कोणी त्या घरी जाऊन बोलले होते का, मुलींच्या न्हाणीघराला कडी होती का, रात्री आजारी पडल्यास जवळ कोणी स्त्री अधीक्षक होती का, हे विचारायला बाहेरची नजर लागते. म्हणून दोघांनी मिळून हे काम करावे, एक आपल्यातील आणि एक परका, आणि अहवालावर दोघांची सही असावी.

येथे आमच्या तरुण वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. यशस्वी माजी विद्यार्थ्यांच्या आमच्या यादीत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, वकील आहेत. शैक्षणिक संशोधक एकही नाही. बी.एड. करून काही वर्षे शिकवावे, पुढे शिक्षणशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र वा समाजशास्त्र यांपैकी एका विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा पुण्याची भारतीय शिक्षण संस्था यांसारख्या ठिकाणी संशोधनाची शिस्त अंगी बाणवावी, असा हा मार्ग आहे. त्यात लाल दिव्याची गाडी नाही. पण ज्या मुलाने शंभर जणांच्या रांगेत ताटली घेऊन उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे, त्याला प्रश्नावलीत काय नाही हे इतरांपेक्षा आधी दिसेल. आमच्याविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले. आता आमच्यातील कोणी ते शास्त्र शिकून लिहावे.

शेवटी एक ठोस सूचना. संस्थेने जनरल रजिस्टर उघडावे आणि पहिल्या वर्षापासून दाखल झालेल्या प्रत्येक नावापुढे ते मूल कोणत्या इयत्तेत गेले, कधी सोडून गेले आणि आज कोठे आहे, हे लिहायला घ्यावे. हे काम एकट्या कार्यालयाचे नाही. प्रत्येक तुकडीतील एक-दोन माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गाची यादी घ्यावी, फोन करावेत, गावोगाव जावे. जो सापडेल त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात. शाळा का सुटली? आणि त्या वेळी काय झाले असते तर सुटली नसती? ही उत्तरे गोळा झाल्यावर वर सांगितलेल्या गुणांचे दोन मूल्यमापक नेमावेत आणि त्यांचा अहवाल, गोड असो वा कडू, पुढील वर्षीच्या मेळाव्यात पालकांसमोर मराठीत वाचून दाखवावा.

आमच्या तुकडीची यादी आम्ही घेतली आहे. बाकावरच्या त्या मित्राच्या गावाचे नाव रजिस्टरमध्ये सापडले. येत्या सुट्टीत आम्ही तेथे जाणार आहोत. तो भेटेल की नाही, भेटला तर ओळखेल की नाही, काही सांगता येत नाही. कदाचित इतक्या वर्षांनी कशाला आलात, असेही तो विचारील, आणि त्या प्रश्नाला आमच्याजवळ चांगले उत्तर नाही.

रोज सकाळच्या वंदनेत आम्ही धम्माचे जे गुण म्हणत असू त्यांत ‘एहिपस्सिको’ हा शब्द येत असे. ये आणि पाहा, असा त्याचा अर्थ. लहानपणी तो आम्ही सुरात म्हणून पुढे जात होतो. जी शिकवण स्वतःला तपासून पाहण्याचे निमंत्रण देते, तिच्या नावाने चाललेल्या शाळेने आपले रजिस्टर मिटून ठेवू नये. जे मोजायला येतील त्यांनी यावे आणि पाहावे. मात्र त्यांनी मुक्कामाला यावे, पंगतीत बसावे, आणि जी मुले आज येथे नाहीत त्यांच्याविषयीही विचारावे.

— माजी विद्यार्थी मंडळाच्या वतीने